धागा: मार्क मार्केझचा उजवा दंड, २०२० ते २०२५

घाटमाथा

२८ सप्टेंबर २०२५ ला जपानमध्ये मोतेगीला स्पेनच्या मार्क मार्केझने मोटोजीपीचं, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या सर्वोच्च जागतिक वर्गाचं, सातवं अजिंक्यपद घेतलं. शर्यतीत तो दुसरा आला, पहिला त्याच्याच संघातला बान्याया. हंगामाचे पाच टप्पे बाकी होते, तरी गणित संपलं होतं. याआधीचं अजिंक्यपद २०१९ चं. मधली सहा वर्षं गेली कुठे, यावर इथे तपशिलात बोलूया. माझ्या मते त्या सहा वर्षांचा हिशेब एका हाडापाशी सुरू होतो, उजव्या दंडाच्या.

आधी तो कुठल्या उंचीवर होता ते बघा. जन्म १७ फेब्रुवारी १९९३, गाव सेर्व्हेरा, कातालोनिया. खालच्या वर्गांत २०१० ला १२५ सीसी, २०१२ ला मोटो२ ही अजिंक्यपदं, आणि २०१३ ला थेट पहिल्याच वर्षी मोटोजीपीचं अजिंक्यपद. मग २०१४, १६, १७, १८, १९. २०१९ चा हंगाम तर पुन्हा पुन्हा आठवावा असा: १९ शर्यती, १२ विजय, ६ वेळा दुसरा, आणि ऑस्टिनला आघाडीवर असताना एकदा पडला. ४२० गुण. फेब्रुवारी २०२० मध्ये होंडाने त्याला २०२४ अखेरपर्यंत चार वर्षांसाठी बांधून घेतलं.

१९ जुलै २०२०, स्पेनमधलं हेरेझ. कोरोनामुळे लांबलेल्या हंगामाची पहिली शर्यत. पाचव्या फेरीत तो रेतीत गेला, सोळावा झाला, तिथून एकेकाला गाठत तिसरा आला. चार-पाच फेऱ्या उरल्या असताना तिसऱ्या वळणावर मागचं चाक सुटलं आणि परत पकडलं. हायसाइड. बाइकने त्याला वर फेकलं आणि गडगडताना तिचं पुढचं चाक त्याच्या उजव्या दंडावर आदळलं. मंगळवारी २१ तारखेला बार्सिलोनात टायटॅनियमची प्लेट बसली. शनिवारी २५ तारखेला त्याच हेरेझवर तो सरावाला उतरला! पात्रता फेरीत एकदा बाहेर येऊन त्याने माघार घेतली. ३ ऑगस्टला घरी बागेकडचं मोठं काचेचं दार उघडताना प्लेट तुटली. त्याच दिवशी दुसरी शस्त्रक्रिया.

मेधा_जो

धागा काढलात ते बरं केलंत. हाडाची बाजू मांडते, कारण यावर लिहिताना बहुतेक जण 'प्लेट तुटली' एवढंच लिहून पुढे जातात.

प्लेट हाडाची जागा घेत नाही. तुटलेली दोन टोकं एकमेकांवर दाबून धरायची आणि हाड सांधेपर्यंत वेळ काढून द्यायचा, एवढंच तिचं काम. दंडाचं हाड भक्कम सांधायला साधारण तीन ते चार महिने धरतात. त्या काळात हातावर येणारा सगळा भार प्लेट आणि स्क्रू सोसत असतात. कुठलाही धातू वाकवला-सोडला, वाकवला-सोडला की थकतो. सायकलची तार मागे-पुढे वाकवून तोडतो तसंच. एका झटक्याला न तुटणारी प्लेट काही हजार छोट्या झटक्यांनी तुटते. शिवाय स्क्रूच्या भोकापाशी धातू कमी असतो, ताण तिथेच साठतो.

त्यामुळे दार हे निमित्त. प्लेटचं आयुष्य शनिवारच्या त्या फेऱ्यांमध्ये खर्च झालं असणार. प्रचंड वेगातून ब्रेक लावताना चालकाचं पुढे झेपावणारं अंग बरंचसं दोन हातांवर येतं, आणि हे एका फेरीत अनेकदा. चार दिवसांच्या प्लेटला तो भार झेपणारच नव्हता.

अजून एक. दंडाच्या हाडाच्या मागून रेडियल नावाची नस वळसा घालून जाते. ती दुखावली तर मनगट वर उचलता येत नाही, पंजा लोंबतो. पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो, म्हणजे कारकीर्द तिथेच संपली असती. ती नस शाबूत होती. हीच चांगली बातमी बहुधा घात करून गेली. बोटं हलतात, पकड आहे, मग बाइक चालवायला काय हरकत, असं सगळ्यांना वाटलं.

टायरवाला

मेधाताईंच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. पण सहा दिवसांत परतायचं धाडस आलं कुठून हेही बघायला हवं. मोटोजीपीत ती रीतच होती.

२०१३ ची आसेनची शर्यत आठवा. गुरुवारी पावसात लोरेन्झो पडला, कॉलरबोन मोडलं. विमानाने बार्सिलोना, रात्रीत प्लेट आणि आठ स्क्रू, परत आसेन, आणि शनिवारच्या शर्यतीत पाचवा. तेव्हापासून 'कॉलरबोन म्हणजे दोन दिवस' हा हिशेब पॅडॉकमध्ये, म्हणजे संघांच्या तळावर, रुजला. पण दोनच आठवड्यांनी जर्मनीत झाक्सनरिंगला तो पुन्हा पडला, तीच प्लेट वाकली, पुन्हा शस्त्रक्रिया आणि ती शर्यत हुकली. वर्षअखेर मार्केझ ३३४, लोरेन्झो ३३०. चार गुणांनी गेलेलं ते अजिंक्यपद मार्केझलाच मिळालं होतं. घाईने केलेल्या पुनरागमनाची किंमत त्याने समोरच्या गॅरेजमध्ये बघितली होती.

आणि २०२० च्या त्या शनिवारी तो एकटा नव्हता. मनगटाजवळचं हाड मोडलेला क्रचलो आणि खांदा दुखावलेला रिन्स, दोघेही त्याच आठवड्यात उतरले आणि रविवारी शर्यतही पूर्ण केली. डॉक्टरी तपासणी तिघांनीही पार केली. तपासणी काय, तर हालचाल बघायची आणि जोर काढून दाखवायचे. दहा जोर काढणं आणि पंचवीस फेऱ्या ब्रेक मारणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जोर काढताना भार सावकाश, सरळ येतो. बाइकवर तो पिळत येतो आणि हादऱ्यासकट येतो.

केदार_नाशिक

कॉलरबोनला जे चालतं ते दंडाला का चालत नाही? दोन्हीकडे प्लेटच ना?

मेधा_जो

केदार, लांबीचा फरक. हँडलवर जोर येतो तळहातापाशी आणि मोडलेली जागा दंडाच्या मध्यावर. मध्ये आख्खा हात तरफेसारखा काम करतो. बळ तेवढंच, पण अंतरामुळे वाकवणारा जोर कितीतरी पटीने वाढतो. कॉलरबोन आडवं, दोन्ही टोकांना बांधलेलं, भोवती खांद्याच्या पट्ट्याचा आधार. तिथेही प्लेट वाकते, लोरेन्झोची वाकलीच. पण दंडाच्या हाडाला वाकण्याबरोबर पीळही बसतो. थ्रॉटल उघडताना आणि कोपर आत-बाहेर करताना तो पीळ थेट मोडलेल्या जागेवर येतो. आणि पुढची सगळी गोष्ट या पिळाचीच आहे.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरही हाड सांधेना. ३ डिसेंबर २०२० ला माद्रिदला तिसरी, जवळपास आठ तास चालली. कमरेच्या हाडाचा तुकडा रक्तपुरवठ्यासकट काढून दंडात बसवला. त्याच वेळी आतमध्ये आधीपासून जंतुसंसर्ग असल्याचं कळलं. न सांधलेलं हाड आणि संसर्ग एकत्र आले की चक्र सुरू होतं: हालचाल होते म्हणून संसर्ग हटत नाही, संसर्ग आहे म्हणून हाड धरत नाही. ते तोडायला जुना धातू काढायचा, मेलेलं हाड खरवडायचं, जिवंत हाड भरायचं आणि महिनोन्‌महिने प्रतिजैविकं द्यायची. १८ एप्रिल २०२१ ला पोर्तिमाओला तो परतला, सातवा आला. नऊ महिने गेले होते.

घाटमाथा

हाड सांधलं, पण वाकडं सांधलं. यातला पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण टीव्हीवरही तो दिसत होता. २०२१ आणि २२ च्या उजव्या वळणांची दृश्यं काढून बघा. डाव्या वळणात तोच जुना मार्केझ: कोपर रस्त्याला घासतंय, हेल्मेट कर्बवर. उजव्या वळणात कोपर अधांतरी, खांदा बाइकच्या वरच, डोकं आत उतरत नाही. शरीर आत गेलं नाही की तेवढ्याच वेगाला बाइक जास्त वाकवावी लागते, टायरची कड लवकर संपते.

आता त्याचे २०२१ चे विजय बघा. झाक्सनरिंग, ऑस्टिन, मिझानो. पहिली दोन्ही डावी ट्रॅकं. झाक्सनरिंगला १० डावी वळणं आणि ३ उजवी. ऑस्टिनला ११ डावी, ९ उजवी. मिझानोला उजवी जास्त, पण तिथे आघाडीवरचा बान्याया पडला तेव्हा विजय मिळाला. झाक्सनरिंगला तो तसाही वेगळाच असतो म्हणा. २०१० पासून २०२१ पर्यंत तिथे उतरला त्या प्रत्येक वर्षी जिंकला, १२५, मोटो२ आणि मोटोजीपी मिळून सलग ११.

केदार_नाशिक

पण डाव्या वळणात उजवा हात बाहेरचा असतो. तो ताणला जातो ना? मग त्याला उजवीकडेच त्रास का?

पश्चिमघाट

चांगला प्रश्न. डाव्या वळणात उजवा हात टाकीवरून लांब पसरलेला असतो, कोपर जवळजवळ सरळ. अंग धरून ठेवायचं काम मुख्यतः उजवी मांडी करते, टाकीला गच्च दाबून. हाताने फक्त थ्रॉटल हलका सांभाळायचा. खांद्याला फारसं फिरावं लागत नाही.

उजव्या वळणात तोच हात आतला होतो. कोपर काटकोनाहून जास्त दुमडतं, खाली आणि बाहेर जातं, आणि त्याच अवस्थेत दोन बोटं पुढचा ब्रेक थोडा-थोडा सोडत असतात, तळहात थ्रॉटल उघडायच्या तयारीत. म्हणजे हाताची सर्वांत अवघड ठेवण आणि सर्वांत नाजूक काम, दोन्ही एकाच क्षणी. दंडाचं हाड पिळलेलं असेल तर खांद्याच्या फिरण्याची मर्यादा मध्येच गाठली जाते आणि कोपर हवं तिथे जातच नाही. मग माणूस मनगट वाकडं करून भरपाई करतो, ब्रेक सोडण्यातली नजाकत जाते, आणि पुढचं चाक नेमकं त्या सोडण्यातच घसरतं.

होंडा २०२० पूर्वी नेमकी याच कौशल्यावर उभी होती. त्यांची बाइक वळण्यासाठी पुढच्या टायरवर प्रचंड भार मागायची. मार्केझ ब्रेक थेट वळणाच्या पोटापर्यंत ओढत न्यायचा, पुढचं चाक सरकलं तर कोपर आणि गुडघा टेकवून सावरायचा. दुसऱ्या कोणाला ते जमत नव्हतं. २०१९ चे आकडे बोलके आहेत: मार्केझ ४२०, क्रचलो १३३, आणि पाच जागतिक अजिंक्यपदं घेतलेला लोरेन्झो २८. एकाच कारखान्याच्या बाइकवर. तो २८ चा आकडा बघून २०१९ च्या अखेरीसच कोणीतरी धोक्याची घंटा वाजवायला हवी होती, पण अजिंक्यपद हातात असताना कोण वाजवणार.

मग २०२० ला मिशेलिनने मागच्या टायरची बांधणी बदलली. मागे पकड वाढली. वळणात शिरताना मागचं टायर बाइकला पुढे ढकलू लागलं आणि पुढचं टायर दबून घसरू लागलं. होंडाला ही सर्वांत जास्त बाधली. आणि बाइक सुधारायची तर ज्याच्या अंगवळणी ती होती तो चालक इस्पितळात. २०२० मध्ये होंडाने मोटोजीपीत एकही शर्यत जिंकली नाही.

टायरवाला

पश्चिमघाट, बहुतेक पटलं, एका ठिकाणी अडतो. दोष सगळा बाइकचा नाही. एप्रिल २०२३ ला रिन्सने ऑस्टिनला होंडावर शर्यत जिंकली, तीही उपसंघाच्या बाइकवर. मार्केझ तेव्हा पोर्तिमाओला हात मोडून घरी होता.

पश्चिमघाट

बरोबर, पण ते ऑस्टिन आहे. झटपट दिशा बदलायच्या वळणांची माळ, होंडाला कायम मानवणारं ट्रॅक. त्याच वर्षी झाक्सनरिंगला, म्हणजे मार्केझच्या अंगणात, तो एका आठवड्यात पाच वेळा पडला आणि रविवारी शर्यतीला उभाच राहिला नाही. जिथे ११ वेळा जिंकला तिथे. माझ्या मते तिथेच त्याचं होंडाशी नातं तुटलं, कागदावर सही नंतर झाली.

मेधा_जो

मधलं एक राहिलं. चौथी शस्त्रक्रिया. २०२२ च्या मे अखेरीस मुजेल्लोची शर्यत केली आणि २ जूनला अमेरिकेत रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये दंडाचं सांधलेलं हाड मुद्दाम कापलं, तीस अंशांहून जास्त फिरवलं आणि पुन्हा प्लेट लावली. तीस अंश म्हणजे घड्याळात बाराचा काटा एकवर. एवढ्या पिळावर तो वर्षभर शर्यती करत होता.

या वेळी घाई केली नाही. साडेतीन महिने थांबला, सप्टेंबरमध्ये आरागॉनला परतला. पुढच्याच आठवड्यात मोतेगीला पोल (पात्रता फेरीत पहिला) आणि शर्यतीत चौथा क्रमांक, मग फिलिप आयलंडला दुसरा.

महाराष्ट्रात डर्ट ट्रॅक, सुपरक्रॉस करणारी बरीच पोरं हा धागा वाचत असतील, म्हणून लिहिते. प्लेट बसल्यावर साध्या एक्स-रेत हाड सरळ दिसतं, पण पीळ त्यात नीट कळत नाही. एक्स-रे दोन बाजूंचं चपटं चित्र. पिळाची शंका असेल तर दोन्ही हातांचा सीटी काढून तुलना करावी लागते. घरी करता येईल अशी ढोबळ खूण: दोन्ही कोपरं कुशीला टेकवून काटकोनात दुमडा, पंजे बाहेर न्या, मग पोटाकडे आणा. एक हात दुसऱ्यापेक्षा ठळकपणे कमी-जास्त फिरत असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. जखम महिनोन्‌महिने पाझरत असेल किंवा दंड गरम लागत असेल तर 'प्लेटमुळे होतं' असं म्हणून सोडू नका. आणि दुखणं थांबलं म्हणजे हाड सांधलं असं नव्हे. प्लेट भक्कम असली की दुखणं पहिल्या काही दिवसांतच कमी होतं.

गिअर_सातारा

भारतातल्या शर्यतीचा उल्लेख राहिला. २४ सप्टेंबर २०२३, बुद्ध सर्किट. आपल्याकडे मोटोजीपी आली ती आजवर तेवढीच. उकाड्यामुळे शर्यत २४ वरून २१ फेऱ्यांची केली. तिथे ८ उजवी वळणं आणि ५ डावी, म्हणजे मार्केझच्या हाताला प्रतिकूल. तरी शनिवारच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे छोट्या शर्यतीत, तिसरा आला. रविवारी पडला, उठला आणि नववा. जिंकला बेझेक्की. पुढच्या आठवड्यात मोतेगीच्या पावसात तिसरा, आणि त्याच सुमारास होंडा सोडल्याची घोषणा. कराराचं एक वर्ष बाकी होतं.

टायरवाला

आणि गेला कुठे, तर ग्रेसिनी. कारखान्याचा संघ नव्हे, खासगी. बाइक आदल्या वर्षाची, डुकाटीची जीपी२३. अकरा वर्षांचा आपला संघ मागे ठेवून. आठ जागतिक अजिंक्यपदांचा मानकरी जुन्या बाइकवर बसायला तयार होतो, यात त्याला नेमकं काय तपासायचं होतं हे कळतं. हात चालतो की नाही ते चांगल्या बाइकवर बसल्याशिवाय कळणार नव्हतं.

डुकाटीवर हाताचं काम बदललं. तिला थांबवायला मागचं टायरही बरंच मदत करतं. ब्रेक सरळ रेषेत जोरात मारायचा, वळणात शिरताना सोडायचा, बाइक लवकर उभी करून मागच्या टायरवर बाहेर पडायचं. वळणाच्या पोटात पुढच्या चाकाशी झुंजायची वेळ कमी. त्याला जुन्या सवयी मोडाव्या लागल्या, पण सर्वांत जास्त आराम त्या उजव्या हाताला मिळाला असं मला वाटतं. १ सप्टेंबर २०२४, आरागॉन: १,०४३ दिवसांनी विजय. आरागॉनही डावंच, हे नोंदवून ठेवतो. त्या वर्षी तीन विजय, ३९२ गुण, तिसरा क्रमांक.

२०२५ मध्ये कारखान्याच्या लाल बाइकवर पहिलीच शर्यत बुरीरामला. ती ज्यांनी नुसती निकालात बघितली त्यांनी पूर्ण बघावी. पुढच्या टायरमध्ये किमान १.८० बार दाब हवा, शर्यतीच्या ६० टक्के फेऱ्यांत. कमी भरला तर १६ सेकंदांचा दंड. आघाडीवर मोकळ्या हवेत धावलं की टायर थंड राहतं आणि दाब चढत नाही. कोणाच्या मागे राहिलं की पुढच्या बाइकची गरम हवा लागून चढतो. मार्केझ आघाडीवर होता, दाब कमी पडतोय असं दिसलं, सातव्या फेरीत त्याने वेग कमी करून धाकट्या भावाला, आलेक्सला, पुढे जाऊ दिलं. त्याच्या मागे टायर तापवत बसला आणि तीन फेऱ्या उरल्या असताना पुन्हा पुढे काढून जिंकला. थायलंडच्या त्या उकाड्यात, पुढच्या बाइकच्या गरम हवेत, पंधराहून जास्त फेऱ्या. २०२० च्या हेरेझला असाच थांबला असता तर तिसरा क्रमांक पक्का होता.

केदार_नाशिक

याची तुलना मिक डूहनशी करता येईल का? त्याचाही पाय जायची वेळ आली होती.

पश्चिमघाट

करायलाच हवी. १९९२ ला आसेनला डूहनचा उजवा पाय मोडला, शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन कापायची वेळ आली, त्याच वर्षी तो घाईने परतला आणि अजिंक्यपद चार गुणांनी हुकलं. पण मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबता येईना तेव्हा डाव्या हँडलवर अंगठ्याने चालणारा ब्रेक बसवला आणि १९९४ ते ९८ सलग पाच अजिंक्यपदं घेतली. पायाचं काम अंगठ्याला देता आलं. आज तो अंगठ्याचा ब्रेक धडधाकट चालकही वापरतात. उजव्या हाताचं काम मात्र दुसऱ्या कुठल्या अवयवाला देता येत नाही. पुढचा ब्रेक आणि थ्रॉटल दोन्ही तिथेच. मार्केझकडे यंत्राचा उपाय नव्हता, हाडच सरळ करावं लागलं.

घाटमाथा

२०२५ चे आकडे पूर्ण करतो. ११ मुख्य शर्यती आणि १४ स्प्रिंट जिंकल्या. आरागॉनपासून हंगेरीपर्यंत सलग सात टप्प्यांत शनिवार-रविवार दोन्ही त्याचे, आणि त्यात मुजेल्लो, आसेन, ब्रनो, ऑस्ट्रिया अशी सगळी उजव्या वळणांची ट्रॅकं आली. डावं-उजवं हा फरक उरला नाही.

आणि मग ५ ऑक्टोबर, मांडालिका. अजिंक्यपद घेऊन आठवडा झालेला. पहिल्याच फेरीत मागून बेझेक्की धडकला आणि दोघे रेतीत. मार्केझ उठला तो उजवा हात छातीशी धरून. खांद्याच्या हाडाला फ्रॅक्चर, अस्थिबंध दुखावलेले. आधी हात बांधून विश्रांती द्यायचं ठरलं, सांधा नीट धरत नाही असं दिसल्यावर आठवड्याभराने माद्रिदला शस्त्रक्रिया. उरलेल्या सगळ्या शर्यती त्याने सोडल्या, हंगाम ५४५ गुणांवर थांबला. दंडाच्या जुन्या हाडाला काही झालेलं नव्हतं.